ऐकू येणारा फोन

पेनिसोनीला फोन हवा होता तो फक्त बोलण्यासाठी, आणि एवढी साधी गोष्ट दुकानदारांच्या गळी उतरवण्यात त्याचे दोन महिने गेले होते. नुकुआलोफा म्हणजे आमच्या बेटांची राजधानी; तिथल्या बाजारामागची फोनची तिन्ही दुकानं त्याने पालथी घातली. जो तो त्याला कॅमेराच दाखवी. एकाने तर त्याचाच फोटो काढून त्याच्यासमोर धरला. अडुसष्ट वर्षांचा, पांढऱ्या भुवयांचा, ओठ आवळून उभा असलेला म्हातारा.

"हे थोबाड मला पाठ आहे," पेनिसोनी म्हणाला. "ऐकू कसं येतं ते सांग."

ऐकायचा होता सेलुवायाचा आवाज. सेलुवाया त्याची थोरली बहीण. एकतीस वर्षांपूर्वी ती ऑकलंडला गेली, तिथल्या एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात राबली आणि आता मुलीकडे, वीकाकडे राहत होती. दर रविवारी चर्च सुटून जेवणं झाली की पेनिसोनी तिला फोन करी. पण गेल्या वर्षभरात तिचा आवाज बारीक होत चालला होता. आधी वाक्यांची टोकं तुटायची, मग मधले शब्द गळायला लागले, आणि हल्ली तर ती काय म्हणाली हे त्याला अंदाजानेच ठरवावं लागे. ज्या बाईने गावातल्या गायनमंडळात वीस वर्षं पहिला सूर लावला, जिने अंगणातून हाक मारली की खाडीपलीकडचे लोक मान वर करत, तिचा आवाज असा कसा बारीक होईल? दोष फोनचाच, असं पेनिसोनीने ठरवून टाकलं होतं.

थोडा दोष कानांचा होता, हे तोही कबूल करी. धक्क्यावर बोटींचा माल उतरवणाऱ्या यंत्राशेजारी त्याने तीस वर्षं काढली. डावा कान तिथेच कामी आला, उजवा मर्जीनुसार चालतो. घरात होता तो फोन वीकाने तिकडून येणाऱ्या पिंपातून पाठवलेला, तांदूळ, साबण आणि डबाबंद मटणाच्या जोडीने. पाटाएवढा मोठा. त्यात नातवंडं दिवसभर नाच बघत, पण कानाला लावला की पत्र्यावर खडे टाकल्यासारखा आवाज येई.

आता कुणी शहाणा विचारेल, आवाज येत नाही तर मग चेहरा बघत का नाही बोलायचं? असं विचारणाऱ्याला बहीण नसावी, किंवा असली तरी आमच्याकडची नसावी. पेनिसोनी दहा वर्षांचा झाला तेव्हा त्याची वळकटी मुलग्यांच्या वेगळ्या झोपडीत गेली, आणि त्या दिवसापासून तो बहीण निजते त्या छपराखाली निजला नाही. तिच्या चटईवर बसला नाही. तिच्यादेखत कुणी वेडावाकडा विनोद केला तर तो उठून चालता होई. असा माणूस म्हातारी बहीण घरातल्या कपड्यांत, केस मोकळे सोडून बसलेली बघेल? तिला फोन लावायच्या आधी तो कमरेला चटई गुंडाळून बसायचा, चर्चला जाताना गुंडाळतात तशी. त्याचा मोठा आवाज ऐकून पोरंटोरं काहीतरी अचकट बोलतील म्हणून तेवढा वेळ सगळं घर बाहेर आंब्याखाली जाऊन बसे.

आणि खरी गोष्ट अशी की त्याच्या फोनला काही झालं नव्हतं. म्हणजे तो फोन वाईट होता, पण एवढा नाही. सेलुवायाला छातीचा कर्करोग झाला होता. एक बाजू काढून टाकली होती, तरी तो पसरला आणि आता फुप्फुसात उतरला होता. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पेनिसोनीच्या बायकोला, लोसालीनेला, वर्षभर ठाऊक होतं. पाद्रीबाबांनी दोनदा सेलुवायाचं नाव घेऊन प्रार्थना केली. पेनिसोनीला नाव तेवढं ऐकू आलं आणि त्याने बायकोला विचारलं, "ताईंचं नाव कशाला घेतलं?" तिने सांगितलं, "चर्चच्या सभागृहाच्या छपराला मदत पाठवली त्यांनी." तो दिवसभर छाती काढून फिरला.

सांगणार कोण? बाईच्या छातीची गोष्ट तिच्या भावाच्या तोंडावर काढायची म्हणजे जीभ झडायची पाळी. शिवाय खुद्द सेलुवायाने लोसालीनेला बजावलं होतं, "माझ्या भावाच्या कानावर हे जाता कामा नये. तो विमानात बसून येईल आणि माझ्या खोलीच्या दारात उभा राहील. मला अशी बघायचा प्रसंग त्याच्यावर आणू नकोस." भावाच्या घरात बहिणीचा शब्द चालतो, भावाचा नाही. लोसालीने ही एरवी कुणाला भीक घालणारी बाई नव्हे, पण नणंदेचा शब्द तिने पोटात ठेवला. हा रिवाज कुणी लावून दिला त्याच्याशी मला कधीतरी दोन शब्द बोलायचे आहेत.

तर शेवटी पेनिसोनीने सर्वात मोठा डुक्कर विकला आणि एका गुरुवारी बायकोला घेऊन पुन्हा बाजार गाठला. या खेपेला दुकानात तिलिया नावाची एक मुलगी होती. तिने पहिल्यांदाच त्याला नीट विचारलं.

"आजोबा, फोनवर जास्त काय करता?"

"बहिणीशी बोलतो."

"आणि?"

"आणि काय? बोलून झालं की ठेवतो."

तिलिया हसली, पण कुत्सित नाही. तिने काचेखालून एक जाडसर काळा फोन काढला. दिसायला साबणाच्या वडीसारखा. "हा कुणी घेत नाही, कारण फोटो भिकार येतात. पण रेंज धरायला पक्का आहे, आणि कानाशी आवाज मोठाही आहे, फुटतही नाही. दुकानात काय, सगळेच चांगले वाटतात. बाहेर जाऊन बोलून बघा. फक्त तिकडचा फोनही बरा हवा."

"तिकडे भाचीने नवा घेतलाय."

"मग झालं तर."

 आता लोसालीनेला एकदम फोनमध्ये रस वाटायला लागला. "हा निळा बघ की," ती म्हणाली. "हलका आहे. आणि पोरांना खेळायलाही होईल."

"पोरांना डुकराची शेपटी देईन खेळायला. तू बाहेर जा जुना फोन घेऊन, कलिंगडवाल्यांपाशी. मी इथून करतो."

ती नाइलाजाने गेली. कलिंगडवाल्यांचा ओरडा, मालवाहू गाड्यांचे भोंगे, बाजूला कुणाचं तरी गाणं लावलेलं. पेनिसोनीने काळा फोन उजव्या कानाला लावला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. हळू बोल."

"डुक्कर विकायला नको होता," ती पुटपुटली. "मुलाच्या लग्नाला काय कापणार?"

"माझं डोकं काप," तो आनंदाने ओरडला. दुकानातले लोक वळून बघायला लागले. "ऐकू येतंय ग! तुझं पुटपुटणंसुद्धा ऐकू येतंय! चाळीस वर्षं तू माझ्यामागे काय काय बोलली असशील!"

 ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिने तिलियाला बाजूला घेऊन हा फोन लवकर बिघडतो असं सांगशील का म्हणून विचारलं. तिलियाला काही कळलं नाही, आणि तोवर पेनिसोनीने नोटा काचेवर ठेवल्या होत्या.

घरी येताना बसमध्ये बायको म्हणाली, "या रविवारी नको करू फोन. त्या थकल्यात असं वीका म्हणत होती."

"थकल्यात म्हणूनच करायचा. ओरडायला नको आता त्यांना. बिचाऱ्या वर्षभर माझ्यासाठी घसा फोडतायत."



रविवारी अळूच्या पानात भाजलेलं मटण सगळ्यांनी मुकाट खाल्लं. मग घर रिकामं झालं. पेनिसोनीने कमरेची चटई घट्ट बांधली, मांडी घातली आणि फोन लावला.

वीकाने उचलला. शेजारी बसून बोलावं असा तिचा आवाज आला. मागे कुठेतरी किटलीत पाणी उकळत होतं, तेही ऐकू आलं. पेनिसोनीने मांडीवर थाप मारली.

"मामा, आईला देते," वीका म्हणाली. "पण दोनच मिनिटं हं."

मग फोन सरकला, कापड घासल्याचा आवाज झाला. पेनिसोनी वाट बघत राहिला. आधी श्वास आला. ओढून घेतलेला, मधेच अडकलेला, मग पुन्हा ओढलेला. यंत्राची बारीक घरघर होती. एक बाई इंग्रजीत म्हणाली, "सावकाश, सेलुवाया. हे औषध चढेपर्यंत जास्त बोलू नका." धक्क्यावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं इंग्रजी कळायला काहीच अडचण नव्हती.

"पेनिसोनी," सेलुवाया म्हणाली.

आवाज तेवढाच होता. जेवढा जुन्या फोनमधून येत होता तेवढाच, फक्त आता त्याच्या आजूबाजूचं सगळं दिसत होतं. एकेका शब्दासाठी ती किती खाली जाऊन वर येते, ते त्याला ऐकू येत होतं.  वर्षभर आपण फोनला शिव्या घालत होतो. वर्षभर ती अशी बोलत होती.

"नवा फोन ना?" ती म्हणाली. थांबली. श्वास घेतला. "येतंय का आता... नीट ऐकू?"

त्या प्रश्नात भीती होती. तीही ऐकू आली. हो म्हटलं तर तिला सांगावं लागणार, काय झालंय, कुठे झालंय. लहानपणापासून जे एकमेकांपासून सांभाळलं, ते त्या किटलीशेजारी, त्या परक्या बाईसमोर तिला उघडं करावं लागणार.

"काय म्हणताय ताई?" पेनिसोनी मोठ्याने ओरडला. "हाही तसाच निघाला! काही कळत नाही तुमचं! दुकानातल्या पोरीने फसवलं मला!"

 पलीकडे सेलुवायाने सुटल्यासारखा श्वास सोडला. "बरं झालं," ती वीकाला म्हणाली. "त्याला ऐकू जात नाही." आणि मग तिने आवरून धरलेलं सोडून दिलं. ती कण्हायला लागली, लहान मुलीसारखी, आई ग आई ग करत. वीका घाईघाईने फोन काढून घ्यायला गेली असावी, कारण सेलुवाया म्हणाली, "राहू दे. तो बोलतोय तोवर राहू दे कानाशी. मला ऐकायचाय तो."

म्हणून पेनिसोनी बोलत राहिला. कोनफळांची लावण झाली, या वर्षी वेल चांगले चढलेत, चर्चच्या घंटेला तडा गेलाय, पाद्रीबाबांच्या बायकोने नवी टोपी घेतली ती तिला अजिबात शोभत नाही. बहिऱ्या माणसासारखा तो ओरडून ओरडून बोलत होता. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून कमरेच्या चटईवर पडत होतं. मधे एकदा ती इतकी कळवळली की त्याचं वाक्य तुटलं. त्याने खाकरून घसा साफ केला आणि पुन्हा टोपीवर आला. बऱ्याच वेळाने तिकडचं कण्हणं निवळलं, औषध चढलं असावं. वीकाने हळूच फोन बंद केला.

बायको आत आली तेव्हा तो तसाच बसलेला होता, फोन उजव्या कानाला धरून. तिने त्याच्या हातातून तो काढून घेतला. नवऱ्याचा चेहरा बघून काय झालं ते तिला विचारावं लागलं नाही, तरी ती वर्षभराच्या सवयीने म्हणाली, "काय, नाही ना ऐकू आलं?"

पेनिसोनीने तिच्याकडे बघितलं. ती काय काय पोटात घेऊन वावरत होती ते त्याला आता कळलं होतं, आणि राग यायला हवा होता तो आला नाही.

"सगळं येतं," तो म्हणाला. "पण ताईंना तसं सांगू नकोस."