रहाटणीच्या मावशीची म्हैस

"वकीलसाहेब, ह्यात मला चोर म्हणलंय का?" बाबूरावांनी नोटीस माझ्या टेबलावर ठेवली.

पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. चिंचवडला बाबूरावांचं छोटं वर्कशॉप होतं. ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचे. मोठं गिऱ्हाईक बुडालं आणि जाताना यांनाही घेऊन गेलं. लोखंडाच्या व्यापाऱ्यानं इंग्रजीत नोटीस धाडली होती, तीत 'बँकरप्सी' हा शब्द होता.

मला नुकतीच सनद मिळालेली. कुणी शब्दाचा अर्थ विचारला की चेव यायचा. म्हटलं, देणी फेडायची ऐपत उरली नाही असं कोर्टानं ठरवलं की झाली बँकरप्सी. आपल्या कोर्टात तिला इन्सॉल्व्हन्सी म्हणतात, मराठीत नादारी, बाजारात दिवाळं. लबाडी केली नसेल तर तो गुन्हा नाही. अर्ज करून असेल ते कोर्टाच्या हवाली करायचं. कोर्टानं नेमलेला रिसीव्हर ते विकतो, पैसे सगळ्या सावकारांत, म्हणजे ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्यांच्यात, वाटतो आणि माणूस मोकळा होतो. वर्तमानपत्रवाले 'विचारांची दिवाळखोरी' लिहितात, त्यावरही बोललो. अर्धा तास नुसता बोललो!

"म्हंजी गुन्हा न्हाई. बास झालं," बाबूराव म्हणाले. "सोमवारी सही करतो."

रविवारी त्यांनी गोठ्यातली म्हैस सोडली आणि चालत रहाटणीला नेली. तिथं त्यांची लांबची मावशी राहायची, चंद्रभागाबाई. एकटी, विधवा. वर्कशॉप काढताना तिनं साठवलेलं सगळं उसनं म्हणून यांच्या हातावर ठेवलं होतं. गरिबाचं आधी द्यावं, एवढंच त्यांना ठाऊक. सोमवारी येऊन त्यांनी अर्जावर सही केली. ते म्हशीबद्दल बोलले नाहीत आणि मीही काही विचारलं नाही.

पुढं कोर्टात रिसीव्हरनं विचारलं, "घरी म्हैस होती ना?"

"व्हती की. मावशीला दिली, अर्जाच्या आदल्या दिशी." अगदी ताठ मानेनं सांगितलं हो!

मी कपाळाला हात लावला. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच सावकाराला झुकतं माप दिलं, तर ते देणं रद्द होतं. सगळ्यांना सारखा वाटा मिळावा म्हणून हा नियम आहे. नियम वाईट नाही. मावशीचं वय, एकटेपण, उपासमार, सगळं मी मांडून पाहिलं. जज्जसाहेब शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, हे तुम्ही यांना आधी सांगितलं नव्हतं?"

"नाही, साहेब."

म्हैस ताब्यात घ्यायला निघालेल्या कोर्टाच्या बेलिफाबरोबर मी रहाटणीला गेलो. जायची गरज नव्हती, पण घरी बसवेना. बाबूराव कुंपणाबाहेरच थांबले. मावशी दुधावर दिवस काढत होती. तिनं आरडाओरडा केला नाही. स्वतःच दावं सोडलं, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "कायदा समद्यांना सारखा हाय म्हंता. मग त्या लोखंडवाल्याच्या दारातनं काय नेलं वो तुमी?"

बेलिफानं दावं हातात घेतलं आणि आम्ही निघालो.

भोसरीच्या एका गवळ्यानं लिलावात म्हैस घेतली. सगळं विकून देण्याच्या दर रुपयामागं तीन आणे पडले. व्यापाऱ्याला तीन आणे आणि मावशीलाही तीनच आणे. लबाडी नव्हती हे कोर्टानं मान्य केलं, पण या एका गोष्टीपायी बाबूरावांची नादारीतून सुटका वर्षभर लांबली. नंतर ते दुसऱ्याच्या वर्कशॉपात टर्नर म्हणून लागले. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. लाजेपायी त्यांनी रहाटणीचा रस्ता मात्र कायमचा सोडला.

ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. अर्धा तास शब्द समजावण्यात घालवला, त्यातली दोन मिनिटं या नियमाला दिली असती तर? त्यानंतर नादारीचा पक्षकार आला की मी कोऱ्या कागदाला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारायचो, "गेल्या तीन महिन्यांत तुम्ही कुणावर दया केलीत का?"