दगडातली गाय

आमच्या शेजारच्या काकू बँकेतून निवृत्त झाल्या आणि त्यांना जुन्या दगडांतल्या प्राण्यांचा नाद लागला. देवळात गेल्या की देवाआधी खांबावरच्या हत्तींना भेटतात. "काय रे, सोंड कुणी मोडली तुझी?"

परवा आम्ही दोघं बाळकुमला त्यांच्या बहिणीकडे गेलेलो. बाजूला इमारतीचा पाया भरत होते. तिथल्या ढिगात काकूंना वीरगळ दिसला, म्हणजे गाई राखताना मेलेल्या कुणा जुन्या वीराचा कोरीव दगड. काकू सरळ जाऊन त्याला टेकून बसल्या.

"मॅडम, उठा, जेसीबी आणायचाय," मुकादम ओरडला.

"अरे, आधी ही गाय बघ. बाकीच्या पुढे चालल्यात, ही एकटी मान वळवून पडलेल्या माणसाकडे बघतेय. हिला गाडणार तू?"

मुकादम वाकून बराच वेळ बघत राहिला. "आमची गावाकडची पण अशीच बघायची," म्हणाला. मग त्यानेच माणसं बोलावली, काकूंना हात देऊन उठवलं आणि दगड कडेच्या पिंपळाखाली उभा केला.

परतताना रिक्षात काकूंना हसू आवरेना. "सगळे म्हणतायत बाई जागची हलली नाही. अरे, गुडघे धरलेले माझे. उठताच येत नव्हतं!"