दोन कळश्या पाणी

आमच्या गल्लीत पाणी दिवसाआड येतं, सकाळी तासभर. मागून गाढी नदी वाहते, पण गावाचं सांडपाणी पोटात घेऊन. तिच्यात पाय बुडवायचीही सोय राहिलेली नाही. म्हणून सगळ्यांचे डोळे नळाकडे. लाईनीवर शेवटचं घर खालाचं, त्याच्या अलीकडचं माझं.

खाला माझी शेजारीण. एकटी राहते, गुडघे गेलेले. हे बैठं घर तिच्या नवऱ्याने कुवेतला राबून बांधलं. दोन वर्षं झाली, तिच्या नळाला करंगळीएवढीही धार नाही. शेवटी मुलाने ठरवलं, अम्मीला द्रोणागिरीला आपल्या फ्लॅटवर न्यायचं. शुक्रवारी टेम्पो येणार होता. खाला भांडी बांधता बांधता मधेच भिंतीवरून हात फिरवायची.

पण मी काही गप्प बसणारी बाई नव्हे. पाणी सोडायला येणाऱ्या माणसाला मी दर खेपेला फैलावर घ्यायचे. "अहो, शेवटच्या घराने काय पाप केलंय? वरच्या आळीला धो धो आणि आमच्या खालाला ठेंगा?"

तो शांतपणे म्हणायचा, "बाय, पानी मी सोडलाय. वाटेत कुनीतरी वडतंय."

"मग पकडा ना त्या मेल्याला!"

आणि भांडून झालं की मी खालाला माझ्या टाकीतल्या दोन कळश्या भरून द्यायचे. दर खेपेला, न चुकता. हे मी गल्लीभर सांगितलेलंही होतं, खोटं कशाला बोलू?

त्या बुधवारी पाणी आल्या आल्या मी त्या पाणीवाल्याला ओढतच आमच्या दारापर्यंत आणलं. त्याने व्हॉल्व्ह फिरवायची पुरुषभर उंचीची लोखंडी चावी पाइपावर टेकवली, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि डोळे मिटले. पाइपात काय चाललंय ते त्याला असं ऐकू येतं. मग त्याने माझ्या दाराकडे बघितलं.

"बाय, मोटर लावलीय?"

लावली होती. थेट नळाला. माझ्या नवऱ्याने न्हाणीघरात बसवून वर पालथी बादली घातलेली.

"सगळेच लावतात," मी म्हटलं. "आणि माझी ती केवढीशी!" ती फक्त आपल्या वाट्याचं पाणी ओढते, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

"जरा बंद करून बगा."

बंद केली. मिनिटभरात पलीकडून खाला ओरडली, "या अल्लाह! आलं गं, पाणी आलं!"

म्हणजे इतके दिवस मी तिचंच पाणी तिला देत होते आणि वर पुण्य गाठीला बांधत होते! इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती. तो चावी खांद्यावर टाकून मुकाट निघून गेला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खालाकडे गेले. ती नळाखाली हंडा लावून बसली होती.

"खाला, चोर मीच गं."

"मालूम होतं," ती म्हणाली. "तुझी मोटर घरघरली की माझा नळ नुसती हवा सोडायचा."

"मग बोलायचं ना मला!"

"तू माझ्यासाठी त्या बिचाऱ्याशी एवढी भांडायचीस. कोणत्या तोंडाने बोलू?"

मोटर त्याच दिवशी नळावरून काढून टाकली. खालाने मुलाला फोन केला, टेम्पो नको म्हणून.

शुक्रवारी पाणी आलं. मोटरीची सवय, बटण दाबलं की झालं. नळाखाली बसून भांडी भरायची असतात हेच मी विसरले होते. आठवण होऊन नळाशी जाईपर्यंत पाण्याचा तास सरत आला होता. एक बादली भरली, दुसरी अर्धी. वरची टाकी कोरडी ठाक. आता तोंड उघडून कोणाला काय सांगणार?

एवढ्यात भिंतीपलीकडून खालाची हाक आली.

"अगं, कळश्या घेऊन ये. दोन देते भरून."