खालची एक ओळ

सेतुअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरुवैयारुहून तंजावूरला येणाऱ्या टाऊन बसमध्ये उभी होते. त्यांची मुलगी वैदेही बोलत होती. "सुमतीअक्का, अप्पा गेले. सकाळी कॉफी घेतली, खुर्चीत बसले आणि..." पुढे तिला बोलवेना. खरं सांगते, त्या क्षणी मला आधी दुःख झालं नाही. मनात पहिलं आलं ते हे, की अण्णांची ती निळी फाईल आता कोणाच्या हातात पडेल? ज्या माणसानं मला हाताला धरून शिकवायला शिकवलं, त्याच्या मरणाची बातमी ऐकून मी आधी स्वतःसाठी घाबरले. दुःख मागाहून आलं, घरी त्यांच्या पायाशी बसल्यावर.

अण्णा आमच्या कॉलेजात इंग्रजी लेखन शिकवायचे. मीही तेच शिकवते. आम्ही दोघंही इथल्याच, तंजावूरच्या मराठी घरांतले. कित्येक पिढ्या इथं गेल्या, भाषा घरात बोलण्यापुरती उरली. देवनागरी मी बऱ्याच मोठेपणी शिकले. अण्णांनी तेवढीही तसदी घेतली नाही, ते मराठी तमिळ अक्षरांत लिहायचे. वर्गात द्यायचा प्रत्येक पाठ आधी असा घरच्या भाषेत उतरायचा, मग त्याचं इंग्रजी व्हायचं. आणि पानाच्या तळाशी एक ओळ ठरलेली असायची, 'कोणाकडून'. सुचलेली गोष्ट ज्याच्यामुळे सुचली त्याचं नाव तिथे यायचं. कधी विद्यार्थिनीचं, कधी प्यूनचं. फाटकाबाहेर इडली विकणाऱ्या बाईंचंही नाव मी तिथे वाचलंय, कारण भांडणाची सुरुवात कुठून करावी हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही, असं अण्णांचं म्हणणं. मी चिडवायची, "अण्णा, उद्या कॉफीचंही नाव घालाल." ते म्हणायचे, "घालीन की गे. तिच्यावाचून मज सुचतं कुठं?"

काही वर्षांपूर्वी माझी बढती अडली होती. स्वतःचा एक छापील लेख हवा होता आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. त्याच सुमारास अण्णांनी एक पाठ मला नुसता बघायला दिला होता. मुलांनी शेजारच्या माणसाची गोष्ट लिहायची, त्याला वाचून दाखवायची आणि 'ही मी लिहिली तर चालेल का' असं विचारायचं. मी तो माझ्या वर्गात करून पाहिला, मुलांची उदाहरणं जोडली, सगळं इंग्रजीत उतरवलं आणि छापायला धाडलं. नाव फक्त माझं. मनाची समजूतही घातली... घरच्या बोलीत, तमिळ अक्षरांत खरडलेला कागद, ते काय लेखन झालं? ते तर बोललेलंच. आम्हा लोकांना आमची भाषा कागदावर दिसली तरी ती लिहिलेली वाटत नाही. इथं सगळी अशी गफलत करतात. मी मात्र ती सोयीनं केली. बढती मिळाली. अण्णांनी पेढे खाल्ले, दोन खाल्ले.

गेल्या वर्षी कॉलेजनं लेखन शिकवणाऱ्यांची परिषद घ्यायचं ठरवलं. 'लिहिलेलं कोणाचं?' हा विषय, आणि चर्चा आखायचं काम निवृत्त झालेल्या अण्णांकडे. मी मदतनीस. दर शनिवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही विषय वाटायचो आणि कागद त्या निळ्या फाईलीत लावायचो. विद्यार्थ्याचा निबंध शिक्षकानं आपल्या लेखात वापरला तर? मशीननं लिहून दिलेलं कोणाचं? परिषदेत नुसते निबंध वाचून दाखवणं त्यांना नको होतं. गोल बसायचं, आणि प्रत्येक गटाच्या प्रमुखानं आधी सांगायचं की आपण स्वतः कोणाचं काय उचललं. 'सहकाऱ्याचं लेखन' हा गट त्यांनी माझ्या नावावर टाकला. मी विचारलं, "अण्णा, हा मलाच का?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुजजवळ सांगण्यासारखं असलं तर तू सांग. नसलं तर मी सांगीन. मजजवळ पुष्कळ आहे. सरी, असू दे. कॉफी घे."

त्या दिवसापासून मला धड झोप नव्हती. यांना ठाऊक आहे का? असेल तर बोलत का नाहीत? शनिवार आला की डोकं दुखायचं. दोनदा मी ताप आल्याचं खोटं सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांनी वैदेहीच्या हाती माझ्यासाठी मिऱ्यांचं रसम धाडलं. पुढच्या शनिवारी कबूल करायचं असं मी ठरवलं होतं. त्याआधीच ते गेले.

तेरावा झाल्यावर वैदेहीनं फाईल आणून दिली. "परिषदेचं सगळं तुमच्याकडे द्यायचं, असं अप्पा म्हणाले होते. मी उघडून पाहिली नाही, अक्का." मी तिला विचारलं नव्हतं, तरी तिनं हे सांगितलं. म्हणजे हिलाही काही ठाऊक आहे की काय, म्हणून मी आणखीच घाबरले. आठ दिवस ती फाईल माझ्या कपाटात साड्यांखाली पडून होती.

उघडली तेव्हा माझ्या गटाच्या कागदांत तोच पाठ होता. त्याला माझा छापील लेख टाचलेला, वाचून वाचून कडा मऊ पडलेला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, पहिल्यापासून. पाठाच्या तळाशी जुन्या शाईत लिहिलं होतं, 'कोणाकडून: शेजारच्या रुक्मिणीबाई.' आणि त्याखाली वेगळ्या शाईत, 'वर्गातली उदाहरणं सुमतीची. तिच्यामुळं पाठ पुरा झाला.' मी त्यांचं नाव पुसलं होतं, आणि त्यांनी माझं लिहून ठेवलं होतं. मी जमिनीवर बसून खूप रडले.

परिषद पुढच्या आठवड्यात आहे. समोर प्राचार्य असतील, माझे विद्यार्थी असतील, बढती देणारेही असतील. मी गप्प राहिले तर आता कोणाला काही कळणार नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. ऐन वेळी माझी जीभ फिरेल हे मी ओळखून आहे, म्हणून आधी हे सगळं या पानांवर लिहून छापायला देते आहे. छापून आलं की माघार घेता येणार नाही.

काल त्यांच्या टेबलाशी त्यांच्याच खुर्चीत बसून मी तो छापील लेख पुढ्यात घेतला. शेवटच्या पानाच्या तळाशी भरपूर कोरी जागा होती. मी तिथे घरच्या भाषेत, तमिळ अक्षरांतच लिहिलं.

कोणाकडून: सेतुअण्णा.