इंदो रेरुंगच्या आईचं गाठोडं

आमच्या गुहेच्या तोंडाशी बत्त्या घेऊन बसणाऱ्यांत इंदो रेरुंगइतकी तोंडाळ बाई दुसरी नाही. रेरुंगची आई म्हणून इंदो रेरुंग. तिचं स्वतःचं नाव मलाही आठवून सांगावं लागेल. सव्वीस वर्षं ती परक्या माणसांना आमच्या पूर्वजांमध्ये फिरवून आणते आहे. आत कपारींत शवपेट्या, खाली कवट्या, त्यांच्यापुढे कुणी कुणी ठेवलेल्या सिगारेटी. पाहुणे बिचकले की ही बत्ती वर धरून म्हणते, "हळू चाला, हा माझा सासरा. जिवंतपणीही वाट अडवूनच बसायचा." हसावं की नाही, या पेचात बिचारे पडतात. तिला तेच हवं असतं.

पण तिचा खरा अभिमान होता तिची आई. तिसऱ्या कपारीतलं गाठोडं. भाताची कापणी झाली की ऑगस्टमध्ये आम्ही आमची माणसं बाहेर काढतो, ऊन दाखवतो, नवे कपडे घालतो. ज्यांची नुसती हाडं उरली आहेत त्यांचं गाठोडं सोडत नाहीत, जुन्या कापडावर नवं गुंडाळतात. इंदो ते गाठोडं मांडीवर घ्यायची, पुढ्यात विडा ठेवायची आणि बोलत बसायची. रेरुंग आईला न सांगता समुद्रापलीकडे कालिमांतानला निघून गेली ते, नवऱ्याच्या शेवटच्या आजारात आपण त्याच्यावर किती ओरडलो ते, जे जे दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही ते सगळं. दर वर्षीच्या कापडानं गाठोडं फुगत चाललं होतं. त्यावर थापटून ती म्हणायची, "मेल्यावर आईनं अंग धरलंय."

अकरा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत धरणी हलली आणि तिसरी कपार ढासळली. पेट्या आधीच कुजलेल्या, त्या फुटल्या. आतली नऊ गाठोडी दगडामातीत अडकली. दोर बांधून वर चढलो तो मी, आणि एकेक गाठोडं खाली दिलं तेही मीच. शेतात भात उभं असताना मेलेल्यांचं काही करायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाठोडी सोडून बघायची तर गोष्टच नको. ज्याचं त्याला द्यायचं आणि मुकाट्यानं परत ठेवायचं. धुळीत सगळीच मातकट दिसत होती.

"हीच ना माझी आई, अंबे?" इंदोनं खालून विचारलं होतं. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे अंबे म्हणतात.

"मग काय माझी?" मी वरून खेकसलो होतो.

ऑगस्ट आला तेव्हा कुणालाच शंका उरली नव्हती. सगळ्यांनी मातकट कापडावर नवं कापड गुंडाळलं.

यंदा ऑगस्टमध्ये हॉलंडची मीके आली. मास्तरीण होती, आता जगभरची थडगी बघत हिंडते. स्वतःच्या आईबापांना जाळून त्यांची राख समुद्रात सोडली म्हणे, आणि दुसऱ्यांच्या आईबापांना भेटायला एवढ्या लांब येते. काय बोलणार? पण बाई मनानं चांगली. तेरा वर्षांपूर्वी तिनं इंदोचा एक फोटो काढला होता, तो चौकटीत घालून घेऊन आली. फोटोत इंदो आईला मांडीवर घेऊन बसलेली, आणि गाठोड्याच्या एका टोकाला लाल पट्टी. इंदोनं स्वतःच्या लग्नातलं पोलकं कापून ती पट्टी शिवली होती. फोटो बघून इंदो रडली. पट्टी अजून आहे का, असं मीकेनं आमच्या भाषेत मोडकंतोडकं बोलत विचारलं.

"असणारच. मी शिवलीय," इंदो म्हणाली.

तसंही गाठोडं आता कपारीत मावत नव्हतं, वरची दोन-तीन कापडं काढायचीच होती. इंदोनं ठरवलं, सगळीच काढू आणि पाहुणीला पट्टी दाखवू. उन्हात चटई टाकली. मी शेजारी बसून टिंगल करत होतो, आईला एवढं उघडं करू नकोस, सर्दी होईल. एकेक कापड ती घडी घालून बाजूला ठेवत होती. अकरा कापडं निघाली. मग ते मातकट कापड सोडलं.

आत पट्टी नव्हती. विरलेली खाकी पँट होती, तिच्यावर पट्टा, आणि पट्ट्याला पोस्टखात्याचं पितळी बक्कल.

ते बक्कल सगळा गाव ओळखायचा. पासुले पोस्टमनचं. पँटमध्ये हाडं होती, आणि त्या हाडांना इंदोनं अकरा वर्षं बायकांची नक्षीची कापडं नेसवली होती. मीकेनं तोंडावर हात धरला.

तापल्या तव्यावरून उचलावा तसा इंदोनं हात मागे घेतला.

"मग माझी आई कुठाय, अंबे?"

कुठे होती ते मला कळलं होतं, आणि मी ते सांगून टाकलं. पासुलेचं म्हणून मी दुसरं एक गाठोडं त्याच दिवशी त्याच्या मुलाला, मारकुसला दिलं होतं. पाच वर्षांपूर्वी त्यानं रस्त्याकडेला फरशा लावून सिमेंटचं थडगं बांधलं आणि गुहेतून काढून त्यात ठेवलं. त्यांच्या चर्चला आमचं कपडे बदलणं पसंत नाही. म्हणजे अकरा वर्षं त्या गाठोड्यावर ना नवं कापड, ना कुणाचा शब्द.

बक्कल मुठीत धरून इंदो तडक मारकुसच्या घरी गेली. मी मागोमाग. मारकुस शाळामास्तर. आधी त्याला पटेना, मग तो माझ्यावर भडकला. मयत झाल्याशिवाय थडगं उघडत नाहीत, एवढं म्हाताऱ्या माणसाला कळू नये का, वगैरे. ते माझ्या तोंडावर बोलला आणि मी ऐकून घेतलं. अंगणात त्याची आई, गावाची नेने म्हणजे आजी, नेने बुंगा, कॉफीच्या बिया वाळत घालत होती. ऐंशीला टेकलेली. ती उठून आली आणि तिनं इंदोची मूठ उघडली.

"दर शनिवारी राख लावून घासायचे मी हे," ती म्हणाली, आणि कमरेची थडग्याच्या दाराची किल्ली काढून पुढे चालू लागली. मारकुस मागोमाग आला.

थडग्यात गाठोडं होतं. एका बाजूनं उंदरांनी कुरतडलेलं, फाटल्या टोकातून लाल पट्टी दिसत होती. इंदोनं ते उचललं आणि तिथंच बसली. "किती हलकी झालीस गं," एवढंच बोलली. मला तिच्याकडे बघवेना.

नेने पायरीवर टेकली. "तू माझ्या नवऱ्याला काय काय सांगितलंस?"

"सगळं, नेने."

"मीसुद्धा. दर रविवारी चर्चमधून येताना इथं बसायचे. मारकुसला ठाऊक नाही." मारकुसनं मान खाली घातली. "अबोला धरून गेला तो. दर रविवारी मी एकच विचारायचे, राग गेला का."

मग म्हातारी इंदोला म्हणाली, "तू घाबरू नकोस. चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाहिली त्यानं, एकही फोडून वाचलं नाही. तुझं सगळं त्यानं तुझ्या आईला नेऊन दिलं असेल."

"आणि तुमचं?" इंदोनं विचारलं.

नेसलेल्या सारोंगच्या टोकानं म्हातारी बक्कल पुसत राहिली.

आईला छातीशी धरून इंदो परत निघाली. गुहेपाशी पोचलो तर बातमी आमच्याआधीच पोचलेली. लोक आपापली गाठोडी चटयांवर ठेवून उभे होते. कापडाला अजून कुणी हात लावला नव्हता. सगळे नुसते माझ्याकडे बघत होते.

त्या दिवशी मी नऊ गाठोडी खाली दिली होती.