बारवेतला हललेला माणूस

सोमवारी बारवेची देखभाल पाहणाऱ्या स्थळ समितीच्या अध्यक्षांना पत्र दिले, बुधवारी सचिवांना स्मरणपत्र आणि शुक्रवारी फलक लावणाऱ्या कंत्राटदारास नोटीस. उत्तर एकाचेही नाही. आमच्या गावच्या बारवेत एका चित्रपटाचे गाणे चित्रित झाले आणि समितीने नायिकेचा भला मोठा फ्लेक्स नेमका बारवेच्या तोंडाशी लावलेल्या तिच्या सर्वांत जुन्या छायाचित्रावर ठोकला. खालच्या पट्टीवर छायाचित्रकाराचे नाव होते, तेही झाकले गेले.

रविवारी पुराव्यासाठी मोजमाप घेण्यास गेलो. दोन मुली रखवालदार गणपतरावांना विचारत होत्या, "काका, ती नाचली ती पायरी कुठली?"

"दाखवतो की. आधी हिच्या पदराआड कोण लपलंय ते बघा," म्हणत त्यांनी फ्लेक्सचा सुटलेला कोपरा उचलला. पायऱ्यांवर घागरी घेतलेल्या बायका, आणि कडेला एक धूसर माणूस.

"हा असा पुसट का?"

"हलला बिचारा. तेव्हा फोटो निघेस्तोवर दम धरून उभं राहावं लागायचं."

मुली पायऱ्यांवर जाऊन तशाच उभ्या राहिल्या, श्वास रोखून. "तू हललीस!" एक ओरडली आणि बारव हसण्याने भरून गेली. मी टेप खिशात ठेवली. मन निवले.

तक्रार मात्र निवलेली नाही. त्या हललेल्या माणसालाही ज्या छायाचित्रकाराने आजवर जपून ठेवले, त्याचे नाव कोणाच्या आदेशाने झाकले गेले, याचे उत्तर अध्यक्षांनी येत्या ग्रामसभेत, सर्वांसमक्ष द्यावे.