कोंडिबाची हजेरी

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. टपाल खात्यात सदतीस वर्षं काढलेला माणूस मी. पाठवणारा असल्याशिवाय पत्र येत नाही, एवढं मला कळतं. इथले अनुभव बरेच दिवस वाचतोय, पण लिहायचा धीर होत नव्हता… कारण माझ्या अनुभवात न उलगडणारा भाग थोडा आहे आणि माझी चूक मोठी.

मी भोरला एकटाच राहतो. तीन वर्षांपूर्वी भोर-वेल्ह्यातल्या आम्ही चौदा एकट्या म्हाताऱ्यांनी मोबाईलवर एक ग्रुप काढला, 'हजेरी' नावाचा. रोज सकाळी ज्यानं त्यानं 'हजर' एवढंच लिहायचं. प्रत्येकाची हजेरी त्याच्या जवळ राहणाऱ्यानंच बघायची, आणि नऊपर्यंत आली नाही, तर जाऊन यायचं. ग्रुप कुठल्या मोठ्या कंपनीच्या ॲपवर नव्हता. काहींची खाती माझ्या घरातल्या छोट्या सर्व्हरवर, काहींची पुण्याच्या मेधाच्या सर्व्हरवर. दोन गावांची दोन पोस्ट ऑफिसं असावीत तसं. इथलं टपाल तिकडे जातं, आणि पोचलेल्याची प्रत दोन्हीकडे राहते.

मार्गासनीच्या पुढे, रस्ता सोडून आत, माझा शाळेतला मित्र कोंडिबा राहायचा. त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर सुनंदाबाई — मेधाची मावशी, खातंही मेधाच्याच सर्व्हरवर. कोंडिबाकडे रेंज नसायची. 'हजर' लिहायला बांध चढून वर जावं लागे, आणि तो कंटाळा करी. मग नऊ वाजता माझा फोन सुनंदाबाईंना.

एकदा त्या कोंडिबाला बांधावर घेऊन आल्या आणि तिथून फोनवर वैतागल्या. "आप्पा, म्हातारा अंगणात बसून बिड्या वडत व्हता. रोज उठून मला कशाला पळवता? माझी भाकरी करपली!"

मागून कोंडिबाचा आवाज आला, "आप्पा, शाळंत तुमीच माझी हजेरी लावायचा न्हवं? आता बी लावा की! पासवर्ड तुमीच दिलाय."

तिघंही हसलो. आणि मी खरंच लावायला लागलो. सकाळी चहा ठेवला की माझं 'हजर' लिहायचं, मग त्याच्या खात्यात जाऊन त्याचं. रोज नाही… पण आठवड्यातून तीन-चारदा तरी. सुनंदाबाईंना वाटे, म्हातारा सुधारला. मी त्यांना काही बोललो नाही.

दिवाळीनंतर भाताची झोडणी चालू होती. तीन दिवस सलग मी त्याची हजेरी लावली. त्याचा मोबाईल त्या आठवड्यात कापूरहोळला दुरुस्तीला पडला होता, हे मला नंतर कळलं.

चौथ्या दिवशी सुनंदाबाई तांदूळ द्यायला गेल्या, तर कोंडिबा न्हाणीत पडलेला. खुबा मोडला होता. प्राण जाऊन एक दिवस झाला असेल, त्याआधी दोन दिवस तो जिवंत पडून होता, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या दिवशी कोणी गेलं असतं तर…

दहाव्याला त्याचा मुलगा विलास सगळ्यांसमोर सुनंदाबाईंना म्हणाला, "काकी, दहा मिनिटांवर तुम्ही. तीन दिवस डोकावला नाहीत?"

"अरं, हजेरी येत व्हती रं त्येची… रोज येत व्हती."

"फोन दुकानात पडलाय, आणि हजेरी कशी येईल?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "नेटवर्कचा घोळ असेल. जुनी कधीतरी उशिरा पोचली असेल."

माझं ऐकून लोकांनी मान हलवली; एखादीच जुनी हजेरी बघून त्या 'रोज' म्हणताहेत असं धरलं, आणि सुनंदाबाईंवर कोणी विश्वास ठेवला नाही. गावात कुजबुज राहिली ती राहिलीच. त्यांनी ग्रुप सोडला. हळूहळू बाकीचेही गेले.

गेल्या महिन्यात मेधा तिचा सर्व्हर दुसरीकडे हलवत होती. जुन्या पोस्ट चाळताना तिला काही दिसलं, आणि तिनं मला फोटो पाठवला. ते तीन दिवस. प्रत्येक दिवशी कोंडिबाच्या नावानं आठच्या सुमारास 'हजर'. ते माझं. आणि त्याच्या खाली, दोन-तीन मिनिटांनी, त्याच नावानं आणखी एक शब्द — 'गैरहजर'.

तिन्ही दिवस.

माझ्या सर्व्हरवर तिन्ही 'हजर' आहेत, 'गैरहजर' एकही नाही. कोंडिबाचं खातं माझ्याकडे होतं. माझ्याकडून निघाल्याशिवाय तिकडे पोचणार कसं? मेधा म्हणाली, "काका, तुमच्याकडून काढून टाकलं असेल." मी काढलं नव्हतं. मी ते लिहिलंही नव्हतं. फोन दुकानात बंद. पासवर्ड आम्हा दोघांकडेच, आणि त्यातला एक न्हाणीत पडलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सुनंदाबाईंकडे गेलो. ओट्यावर बसून पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं, की हजेरी मी लावत होतो. मग फोटो दाखवला. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"म्या वाचलं व्हतं त्ये," त्या म्हणाल्या. "तवाच. तिन्ही दिस."

मी फोन खाली ठेवला.

"वर हजर, खाली गैरहजर. म्हनलं, म्हातारा चेष्टा करतोय. हसले मी, आप्पा… आन् झोडनीला गेले." मग म्हणाल्या, "कुनाला सांगनार? आदीच म्हनत्यात, काकीनं बगितलं न्हाई."

माझा शब्द वर नसता, तर खालचा शब्द चेष्टा वाटला नसता. मी त्यांना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "माज्याशी बोलून काय उपेग? विलासला सांगा. फोनवर न्हाई, म्होरं बसून."

मी गेलो. विलासनं सगळं ऐकलं, मला पाणीही विचारलं नाही. ते बरोबरच होतं. निघताना एवढंच म्हणाला, "काकींना मी काय काय बोललो, तुम्ही तिथंच बसला होता." त्याच आठवड्यात तो त्यांच्याकडे जाऊन आला. काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही.

मेधानं दोन-चार जाणकारांना ते दाखवलं. कोणालाच सांगता आलं नाही. 'गैरहजर' कोणी लिहिलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आता मिळेल असं वाटतही नाही. 'हजर' कोणी लिहिलं, याचं उत्तर मात्र पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होतं. मी ते दिलं नाही.